बाहात गाडीने विंडसर्फिंगला जायचंय, पण सेफ आहे का?

प्रश्न थोडक्यात असा: सॅन डिएगोहून तिघं मित्र एका एसयूव्हीत, टपावर बोर्ड बांधून, डिसेंबरात दोन आठवड्यांसाठी मेक्सिकोत ला व्हेंटानाला विंडसर्फिंगला निघालेत. दोघं एच-वन-बीवर आहेत, एकाकडे ग्रीन कार्ड. घरचे म्हणतात तिकडे गँगवाले आहेत, जाऊ नका, तर खरंच किती धोका आहे आणि काय काळजी घ्यायची. बाहा म्हणजे कॅलिफोर्नियाच्या खाली दक्षिणेला गेलेलं मेक्सिकोचं लांब द्वीपकल्प, ला व्हेंटाना त्याच्या दक्षिण टोकाकडे आहे. मी बाहाचा हा रस्ता बरीच वर्षं करतोय, बहुतेक वेळा हिवाळ्यातच, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी घरच्यांच्या भीतीबद्दल, कारण ती उगाच नाहीये. 2024 च्या एप्रिलअखेरीस सीमेखालच्या एन्सेनाडा शहराच्या दक्षिणेला सांतो तोमासच्या बाजूला किनाऱ्यावर कॅम्प करून राहिलेल्या तीन सर्फर मुलांचा खून झाला, दोघं ऑस्ट्रेलियन भाऊ आणि त्यांचा अमेरिकन मित्र, आणि तपासवाल्यांनी कारण सांगितलं ते एवढंच की चोरांना त्यांच्या पिकअपचे टायर हवे होते. त्या मुलांनी काही चुकीचं केलं नव्हतं, सर्फर लोक त्या किनाऱ्यावर कित्येक वर्षं तसेच राहत आलेत. पण त्यानंतर मी एक गोष्ट पक्की धरलीय, सीमेपासून एल रोसारिओ गावापर्यंतच्या पट्ट्यात निर्जन किनाऱ्यावर तंबू ठोकायचा नाही, मोटेल घ्यायचं, तेही आतल्या अंगणात गाडी उभी करता येते असं. अमेरिकन सरकारच्या ट्रॅव्हल ॲडव्हायझरीतही गेली काही वर्षं उत्तरेचं बाहा कॅलिफोर्निया राज्य लेव्हल 3 (जायचा फेरविचार करा) आणि दक्षिणेचं बाहा कॅलिफोर्निया सूर लेव्हल 2 (जास्त काळजी घ्या) असा फरक केलेला आहे, निघायच्या आठवड्यात ती परत एकदा बघून घ्या. ला व्हेंटाना दक्षिणेच्या राज्यात येतं.

पण माझं स्पष्ट मत विचाराल तर या ट्रिपवर आपल्यासारख्यांना सगळ्यात जास्त धोका असतो तो वाऱ्याच्या घाईचा. होतं काय, अमेरिकेत कोल्ड फ्रंट निघून गेला की मागे ग्रेट बेसिनवर, म्हणजे नेवाडा-युटाच्या उंच भागावर, हाय प्रेशर बसतं आणि तिथली जड थंड हवा दोन्ही बाजूच्या डोंगरांमधून कॉर्तेझच्या समुद्रावरून (बाहा आणि मेक्सिकोची मुख्य भूमी यांच्यामधला) खाली दक्षिणेला धावते, हाच एल नोर्ते. तो विंडी या हवामानाच्या ॲपवर तीन-चार दिवस आधीच दिसायला लागतो, आणि एकदा का नकाशावर तो लाल पट्टा दिसला की माणूस ऑफिस सुटल्यावर संध्याकाळी निघून रात्रभर गाडी हाणायचा प्लॅन करायला लागतो. तो प्लॅन करू नका. एक नोर्ते चुकला तर दुसरा येतो, डिसेंबर ते फेब्रुवारी ते चालूच असतं.

रात्री गाडी चालवायची नाही हा नियम सगळे सांगतात पण का ते समजून घेतलं तर तो पाळावासा वाटतो. हायवे 1 हा तिहुआनापासून काबो सान लुकासपर्यंत साधारण 1,700 किलोमीटरचा, 1973 मध्ये पूर्ण झालेला रस्ता आहे, आणि एन्सेनाडाच्या खाली बऱ्याच भागात तो दोन लेनचाच आहे, अरुंद, साइडपट्टी नाही, पांढरी रेघ संपली की डांबर पायरीसारखं तुटतं आणि खाली दगड. समोरून मोठा ट्रक आला की दोन्ही आरसे एकमेकांच्या इतके जवळून जातात की आपोआप अंग चोरलं जातं. त्यात गुरं मोकळी. दिवसा ती लांबून दिसतात, पण रात्री डांबर गरम राहतं म्हणून ती रस्त्यावरच येऊन बसतात, आणि काळी गाय हेडलाइटमध्ये शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही, डोळे चमकतात ते ती आपल्याकडे बघत असेल तरच. कट मारायला जागा नाही कारण बाजूला खड्डा, आणि टपावरचं वजन असल्यामुळे गाडी एका बाजूला फेकली की परत सावरणं अवघड. आणि असं काही झालंच तर तिथं फोनला रेंज नसते.

म्हणून दिवसांची आखणी सूर्यावर करा. डिसेंबरात उत्तर भागात पावणेपाचलाच सूर्य बुडतो. सकाळी सातच्या आत बॉर्डर पार केली तर पहिला मुक्काम एल रोसारिओला आरामात होतो. दुसऱ्या दिवशी लवकर निघून वाळवंट पार करायचं आणि सान इग्नासिओला थांबायचं. तिसरा मुक्काम लोरेतो आणि चौथ्या दिवशी दुपारी ला व्हेंटाना. दीड हजार किलोमीटरला चार दिवस म्हणजे खूप वाटेल, तिघं ड्रायव्हर असताना दोन दिवसांत होईल असंही वाटेल, पण मधे एक पंक्चर, एक रस्त्याचं काम आणि एक लांबलेली चेकपोस्ट धरली तर हे दिवस भरतात. गेरेरो नेग्रोजवळ 28 व्या अक्षांशावर राज्य बदलतं आणि हिवाळ्यात घड्याळ एक तास पुढे जातं, मोटेलवाल्याला पोचायची वेळ सांगताना तेवढं लक्षात ठेवा.

पेट्रोलचं गणित एकाच टप्प्यात जमवावं लागतं. एल रोसारिओहून निघाल्यावर पुढचा भरवशाचा पंप थेट गेरेरो नेग्रोच्या थोडं अलीकडे, म्हणजे जवळजवळ सव्वातीनशे किलोमीटर काही नाही. मधे वाळवंटातल्या काताविन्या वस्तीला लोक पिंपातून पेट्रोल विकतात, अडल्यावेळी उपयोगी पण त्यावर प्लॅन करू नका. टपावर तीन बोर्ड असताना आणि वारा समोरून किंवा तिरका असताना गाडी नेहमीपेक्षा बरंच जास्त पेट्रोल खाते, त्यामुळे एल रोसारिओला अर्धी टाकी दिसली तरी फुल करायची. पंपावर माणूस भरून देतो, तुम्ही खाली उतरून मीटर शून्यावर आहे ना ते बघा आणि मगच भरायला सांगा. सुट्टे पेसो जवळ ठेवा, कार्ड मशीन चालेलच असं नाही.

आता ड्रायव्हिंगच्या दोन गोष्टी ज्या बाहेरून आलेल्याला माहीत नसतात. पुढचा ट्रक डावा इंडिकेटर देतो तेव्हा त्याचा अर्थ बऱ्याचदा 'पुढे मोकळं आहे, ओव्हरटेक कर' असा असतो, पण कधीकधी तो खरंच डावीकडे वळणार असतो, म्हणून इंडिकेटरवर विश्वास न ठेवता समोरचा रस्ता स्वतःला दिसल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. आणि याच कारणामुळे तुम्हाला डावीकडे वळायचं असेल तेव्हा नुसता इंडिकेटर देऊन मधे थांबू नका, मागचा त्याला ओव्हरटेकची परवानगी समजून डाव्या बाजूने येईल. उजवीकडे जागा बघून बाहेर घ्या, मागची रांग जाऊ द्या, मग वळा. गावांमधे तोपे असतात म्हणजे स्पीडब्रेकर, त्यांना रंग नसतो, आणि 'वादो' लिहिलेलं असेल तिथं ओढ्याचं पात्र रस्त्यावरूनच जातं, पाणी असेल तर थांबायचं, अंदाज घेत आत घालायची नाही.

कागदपत्रांवर जरा वेळ घालवा. तुमचा अमेरिकन कार इन्शुरन्स मेक्सिकोत लायबिलिटीसाठी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या भरपाईसाठी, चालत नाही, मेक्सिकन कंपनीची पॉलिसी लागते, ती ऑनलाइन मिळते. घेताना तिघांचीही नावं ड्रायव्हर म्हणून आहेत का, कायदेशीर मदत आणि जामीन त्यात आहे का, आणि कच्च्या रस्त्यावर कव्हर चालू राहतं का हे वाचा. अपघातात कुणी जखमी झालं तर जबाबदारी ठरेपर्यंत पोलीस ड्रायव्हरला ताब्यात ठेवू शकतात, तेव्हा ही कायदेशीर मदतच कामाला येते. पॉलिसी कागदावर छापून घ्या. गाडीवर लोन असेल तर लोनवाल्यांचं संमतीपत्र, भाड्याची असेल तर त्या कंपनीचं. बाहाच्या द्वीपकल्पात गाडीचं तात्पुरतं आयात परमिट लागत नाही, फेरी घेऊन पलीकडे मेनलँडला जाणार असाल तर लागतं.

माणसांचा परमिट मात्र लागतो, एफएमएम म्हणतात त्याला. गंमत म्हणजे बॉर्डरवर बहुतेक वेळा तुम्हाला कुणी थांबवतच नाही, हिरवा दिवा लागला की गाडी सरळ तिहुआनात. तुम्ही स्वतः गाडी बाजूला लावून इमिग्रेशनच्या ऑफिसात जायचं, फॉर्म भरायचा, शिक्का घ्यायचा. सात दिवसांपर्यंत फी नाही, तुम्ही दोन आठवडे जाताय तर फी भरावी लागेल, पावती जपून ठेवा.

भारतीय पासपोर्टवाल्यांनी हा भाग नीट वाचा. पासपोर्टवर चालू असलेला अमेरिकन व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. पण एच-वन-बीवाल्यांपैकी कुणाचा व्हिसा स्टँप संपलेला असेल आणि नुसतं आय-797 (एच-वन-बी मंजुरीचं पत्र) असेल, जे आपल्याकडे बऱ्याच जणांचं असतं, तर त्याला मेक्सिकोचा व्हिसा काढावा लागेल. परत येताना 30 दिवसांच्या आतल्या मेक्सिको ट्रिपसाठी ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशनचा, म्हणजे संपलेल्या स्टँपवर परत येऊ देण्याचा, नियम आहे, त्यात आय-94 (अमेरिकेत राहण्याच्या मुदतीची नोंद) चालू असावं लागतं आणि बाहेर असताना नवीन व्हिसाला अर्ज केलेला चालत नाही, तरी कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाला एक मेल टाकून तारखांसकट विचारून घ्या, बॉर्डरवर उभं राहून हे ठरवायची वेळ यायला नको. आणि तिघांकडेही भारतीय पासपोर्ट आहेत तर मदतीसाठी तुमचा संबंध मेक्सिको सिटीतल्या भारतीय दूतावासाशी, अमेरिकन कॉन्सुलेटशी नाही, तो नंबर फोनमधे आणि कागदावर दोन्हीकडे ठेवा.

मिलिटरीच्या चेकपोस्ट वाटेत बऱ्याच लागतील. बंदुका हातात घेतलेली विशी-बावीशीतली पोरं असतात, पहिल्यांदा दडपण येतं, पण ते ड्रग्ज आणि शस्त्रं शोधत असतात आणि तुमच्याकडे दोन्ही नसेल तर पाच-दहा मिनिटांचा प्रश्न असतो. काच खाली, गॉगल काढायचा, गाणी बंद, कुठून आलात कुठे चाललात विचारतील, सांगायचं 'ला व्हेंटाना, विंडसर्फ' आणि टपाकडे बोट दाखवायचं. उतरायला सांगितलं तर उतरून गाडीजवळच उभं राहायचं, झडती घेताना बघत राहायचं, फोटो काढायचे नाहीत. निघायच्या आदल्या दिवशी गाडी पूर्ण रिकामी करून सीटखाली, डिकीत, जुन्या बॅगांच्या कप्प्यांत बघा, कारण एक सुटी गोळी सापडली तरी मेक्सिकोत तो गंभीर गुन्हा आहे. कॅलिफोर्नियात कायदेशीर असलेल्या गांजाच्या गमीज बॉर्डरपार नेणं गुन्हा, परत आणणंही. सर्दीच्या गोळ्यांत स्युडोएफेड्रीन असेल तर त्या घरी ठेवा, मेक्सिकोत बंदी आहे. प्रिस्क्रिप्शनची औषधं मूळ डबीत आणि चिठ्ठीसकट.

ट्रॅफिक पोलिसाने अडवून तिथंच पैसे मागितले तर आवाज न चढवता म्हणायचं की तिकीट द्या, चौकीत भरतो. बहुतेक वेळा तेवढ्यावर सुटतं.

टपावरचं सामान हा सुद्धा सेफ्टीचाच भाग आहे. बोर्ड पालथे, फिन काढलेले, मधे फोम, आणि पट्टे साधे कॅम बकलवाले (हाताने ओढून आवळायचे), दांडा दाबून ताणायचे रॅचेटचे नकोत, रॅचेट ओढताना कळतही नाही आणि बोर्डाच्या कडेला चीर जाते. पट्ट्याला एक पीळ द्या म्हणजे वाऱ्यात फडफडत नाही, फडफडून फडफडून तो ढिला होतो. पुढच्या टोकाला बंपरपर्यंत वेगळी दोरी पाहिजेच, विस्काईनो वाळवंटाच्या सपाट भागात आडवा वारा गाडीवर आदळतो आणि समोरून ट्रक गेला की हवेचा धक्का खालून बोर्डाचं नाक उचलतो. पहिल्या तीस किलोमीटरनंतर थांबून पट्टे हाताने दाबून बघा, मग प्रत्येक पेट्रोलच्या थांब्याला. आणि स्टेपनी. तिघांचं सामान भरल्यावर ती सगळ्याच्या तळाशी जाते, मग रस्त्याला साइडपट्टी नाही, चार सेल (शिडं) आणि सहा बॅगा ट्रकांच्या बाजूला उतरवून ठेवायच्या असा प्रसंग येतो. ती हाताला येईल अशी ठेवा, फुल साइझची असू द्या, सोबत पंक्चर किट आणि छोटा कॉम्प्रेसर. गावागावात यांतेरा असतात, बाहेर रंगवलेला टायर टांगलेला दिसतो, तिथं पंक्चर झटपट काढून मिळतं. गाडी बंदच पडली तर 078 वर आन्हेलेस व्हेर्देस, हिरव्या गाड्यांतली सरकारी मदत, आणि इमर्जन्सीला 911. रेंज नसलेल्या भागासाठी सॅटेलाइट मेसेंजर घ्याच, तो पाण्यातही उपयोगी पडतो.

आता पाणी. ला व्हेंटाना पहिल्या ट्रिपला चांगली जागा आहे कारण नोर्ते तिथं साइड-ऑनशोर लागतो, म्हणजे काही तुटलं तरी वारा तुम्हाला हळूहळू किनाऱ्याकडेच ढकलतो. हे सगळीकडे नसतं. वाटेत बाहिया दे लोस आंजेलेससारख्या ठिकाणी पश्चिमेचा वारा डोंगरावरून खाली कोसळतो आणि थेट समुद्राकडे वाहतो, किनाऱ्यालगत पाणी सपाट आणि निवांत दिसतं, शंभर मीटर आत गेलं की कळतं. वारा जमिनीकडून येतोय असं दिसलं की सेल उघडायचंच नाही, कितीही सुंदर दिसू दे. पॅसिफिकच्या बाजूला पुंता सान कार्लोस आहे, फार नावाजलेलं, पण लांबलचक कच्चा रस्ता, थंड पाणी आणि आसपास वस्ती नाही, ते नंतर कधीतरी, तिथं माहितगार माणूस सोबत असताना.

ला व्हेंटानाला वारा सकाळी उशिरा भरतो आणि दुपारी जोरात असतो, किनारा आणि समोरचं सेराल्वो बेट यांच्यामधल्या पट्ट्यात तो आणखी आवळला जातो. लाटा लहान अंतराच्या आणि उभ्या. लाइफगार्ड धरून चालू नका, कुणी न्यायला आलंच तर पांगा (मासेमारीची छोटी मोटरबोट) घेऊन एखादा कोळी. म्हणून तिघांपैकी एक जण कायम किनाऱ्यावर किंवा निदान नजर ठेवून, आणि कोण किती वाजता परत येणार हे ठरवूनच पाण्यात. डिसेंबरात तिथं साडेपाचच्या आसपास सूर्य मावळतो आणि वारा त्याच्या आधीच अचानक बसू शकतो, साडेचारला सगळे बाहेर. चार दिवस गाडीत बसून आलेलं अंग पहिल्याच दिवशी मोठ्या वाऱ्यात घालू नका, एक तास लहान सेलवर, किनाऱ्याजवळ.

सगळ्यात जास्त तुटतं ते मास्ट बेसचं, म्हणजे शिडाची काठी बोर्डाला जोडणाऱ्या सांध्याचं, रबर. घरूनच ते हातात घेऊन पूर्ण वाकवा आणि वाकलेल्या बाजूला नख फिरवून बघा, केसासारखी बारीक भेग दिसली, रबर पांढुरकं पडलेलं दिसलं तर फेकून द्या, नवीन लावा आणि एक जादा घ्या. सेफ्टी पट्टा आहे ना तेही बघा, रबर तुटलं तरी तो रिग (मास्ट, बूम आणि सेल मिळून) बोर्डाला धरून ठेवतो. तो नसला तर रिग एका दिशेला आणि बोर्ड दुसऱ्या दिशेला, आणि बोर्ड वाऱ्यावर तुमच्या पोहण्यापेक्षा जास्त वेगाने पळतो. अशा वेळी आधी बोर्ड पकडायचा, रिग गेली तर जाऊ दे. बोर्ड कधीच सोडायचा नाही, किनारा जवळ दिसतो म्हणून पोहत निघायचं नाही. बाकी सगळं धड असेल तर बूम (हातात धरायचा आडवा दांडा) काढून सेल गुंडाळायचं, बोर्डावर लांबीला ठेवायचं आणि त्यावर पोटावर झोपून वाऱ्याला तिरकं हाताने वल्हवायचं. कुणाचं लक्ष वेधायचं असेल तर दोन्ही हात बाजूंना पसरून सावकाश खाली-वर. हे कोरडं वाचून येत नाही, सॅन डिएगोच्या मिशन बेमध्ये एकदा मुद्दाम करून बघा.

काइटवाल्यांची, म्हणजे पतंगाच्या ओढीवर बोर्ड चालवणाऱ्यांची, तिथं खूप गर्दी असते. त्यांच्या दोऱ्या आणि आपला मास्ट एकमेकांत गेले तर दोघांचं अवघड होतं, त्यामुळे त्यांच्या वाऱ्याखालच्या बाजूने अगदी जवळून जाऊ नका. हेल्मेट घाला. किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता घासत चाला, वाळूत स्टिंगरे असतात आणि घासत गेलं की ते पळतात. डंख झालाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय तासभर, भाजणार नाही याची काळजी घेऊन, आणि काटा खोल असेल किंवा पोटाला छातीला लागला असेल तर सरळ ला पाझच्या हॉस्पिटलात, गाडीने साधारण तासाच्या आत आहे. खासगी हॉस्पिटलं आधी पैशाची हमी मागतात, तुमच्या हेल्थ प्लॅनमधे बाहेरच्या देशातलं काय काय येतं ते विचारा आणि एअर ॲम्ब्युलन्स धरून वेगळा ट्रॅव्हल इन्शुरन्स घ्या.

परतीचं सुद्धा आत्ताच ठरवा. शेवटच्या दिवशी हमखास चांगला वारा असतो आणि 'अजून एक सेशन करून निघू' असं कुणीतरी म्हणतंच, मग तो एक दिवस रस्त्यातून कापला जातो आणि सोमवारच्या ऑफिससाठी रात्री ड्रायव्हिंग होतं. सुट्टी घेतानाच परतीला चार दिवस आणि वर एक मोकळा दिवस धरा. शेवटचा मुक्काम सान किंतीनला, सकाळी लवकर निघा, बॉर्डरच्या रांगेत तासन् तास जाऊ शकतात, टाकी भरलेली असू द्या. फळं आणि मांस रांगेत शिरायच्या आधीच संपवा किंवा टाकून द्या, आणि पासपोर्ट, आय-797, ग्रीन कार्ड ज्याचं त्याच्या अंगावरच्या पाउचमधे ठेवा, गाडीतल्या बॅगेत नको, गाडी गेली तरी ती तुमच्याजवळ राहिली पाहिजेत.